पट्टीआडची ओळ

१

सबटायटल लिहिणाऱ्यांच्या खोलीत प्रत्येक मॉनिटरच्या काचेवर पिवळ्या मेणपेन्सिलीने एक चौकट आखलेली असे. जे काही लिहायचं ते या चौकटीच्या आत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत, आणि तो विसरला की सगळी खोली मिळून त्याची टर उडवी. कारण साधं होतं. घराघरातले टीव्ही चित्राच्या कडा खातात. काचेपेक्षा चित्र जरा मोठंच ठेवायचं, म्हणजे कडेला काळं काही दिसत नाही, हा कारखानेवाल्यांचा शहाणपणा. उरलेलं चित्र चारी बाजूंनी काचेभोवतीच्या पट्टीमागे जातं. कुणा पोलिश नायकाच्या डोक्यावरचं आभाळ बोटभर कमी झालं म्हणून मेलबर्नमध्ये कोण गळा काढतंय? पण सबटायटल तळाशी असतं. ते कापलं गेलं की चॅनेलचे फोन खणखणायला लागतात.

स्मारो काल्देलिसला या खोलीत बरीच वर्षं झाली होती. ग्रीक सिनेमा आला की तिच्या टेबलावर यायचा आणि इंग्रजी ओळी लेवून बाहेर पडायचा. चौकट तिच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी वाढदिवसाच्या केकवर नाव काढतानाही ती कडेपासून लांब राहायची. आणि तरीही एका प्रेक्षकाची तक्रार काही मिटत नव्हती. तो प्रेक्षक म्हणजे तिचा बाप.

स्त्रातिसने ग्रीसच्या लेस्बोस बेटावरून येऊन उमेदीची सगळी वर्षं मोटारींचे पत्रे ठोकणाऱ्या प्रेसखात्यात घालवली, आणि त्या प्रेसने त्याचे कान खाल्ले. आता ठार बहिरा. समोरच्याचं ग्रीक तो ओठांवरून ओळखायचा. बाकी जगाशी त्याचा संबंध सबटायटलपुरता. बायको गेल्यावर मेलबर्नच्या थॉर्नबरी उपनगरातल्या घरात तो, परसातलं अंजिराचं झाड आणि टीव्ही. टीव्ही म्हणजे चांगलं शिसवी रंगाचं कपाट, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर बायकोचा फोटो. काचेभोवती हाताच्या पंजाएवढी जाड लाकडी पट्टी. हा टीव्ही कडा नुसत्या खात नव्हता, मुठीमुठीने गिळत होता.

"सिनेमा संपला की तुझं नाव येतं म्हणतेस," बाबा ठणाणा ओरडून बोलायचा, बहिरी माणसं बोलतात तसं. "कुठंय? ज्यानं दिवे धरले त्याचं आलं, ज्यानं गाढवं हाकली त्याचं आलं. माझ्या पोरीचं कुठंय?"

"अगदी खाली येतं, बाबा. तुमची पट्टी खाते."

"मग वर लिही की! हात मोडलेत?"

हे दर शुक्रवारी. म्हाताऱ्याला मरणाआधी एकदा ते नाव बघायचं होतं, दुसरं काही मागणं नव्हतं. शेवटी स्मारोनं नावाच्या ठरलेल्या जागेचा नियम मोडला. एका सिनेमाच्या शेवटी आपलं नाव तिनं गुपचूप वर उचललं, संवादाची ओळ असते तिच्याही वर. तिथवर कापणारा टीव्ही अजून कुणी बनवला नव्हता. शुक्रवारी ती मोठ्या दिमाखात थॉर्नबरीला गेली.

"पट्टीआड गेलं," बाबा म्हणाला.

"शक्यच नाही. तुम्हाला डुलकी लागली असेल."

"डुलकी? मी हा असा बसलो होतो," तो टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसला आणि गाल पट्टीला टेकवून वर बघू लागला. "नाव आलं, एवढं दिसलं. मग खाली गेलं. खाली ओढल्यासारखं."

त्याच्या गालाला पट्टीवरचं काहीतरी लागलं होतं. ओलसर, चकाकणारं. स्मारोनं ते जवळच्या रुमालानं पुसलं आणि रुमाल कचऱ्यात टाकला.

२

सोमवारी तिनं ती टेप पुन्हा लावली. नाव जिथं ठेवलं होतं तिथंच होतं. तिला बरं वाटलं. मग उगाच, खात्री म्हणून, तिनं मॉनिटरवरचं चित्र आकसवण्याचं बटण दाबलं. हे बटण खरं तर इंजिनियर लोकांचं. ते दाबलं की चित्र लहान होतं आणि एरवी पट्टीमागे असणाऱ्या चारी कडा काचेवर येतात. तिकडे बघण्यासारखं काही नसतं. माइकचा दांडा, कुणाचा तरी बूट, आणि त्यापलीकडे काळं.

वरची कड काळी होती. बाजूच्या काळ्या होत्या. खालच्या कडेला, चित्र संपतं तिथं, एक गुलाबी पट्टा होता.

ती जवळ गेली. पट्टा ओला दिसत होता. मधेमधे पांढुरकं काही साचलेलं, जेवून तोंड न धुतल्यावर साचतं तसलं. पडद्यावर एक संवाद आला, गेला. तो गेल्यावर पट्टा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलकेच फुगत गेला. जेवण झाल्यावर माणूस हिरडीवरून जीभ फिरवतो, अगदी तसं.

ती मागे सरली.

"डेस," तिनं हाक मारली, "इकडे ये जरा."

डेस मलकाही हा त्यांचा इंजिनियर. टक्कल, मोठं पोट, तोंडात कायम एखादी गोळी, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला उत्तर तयार.

"टेपच्या तळाला घाण येतेच," तो वाकून म्हणाला. "मशिनचं डोकं फिरतं ना, तिथं चित्र फाटतं. म्हणून तर पट्टी असते, बाईसाहेब. देवानं माणसाला चड्डी दिली ती याच कारणासाठी."

"गुलाबी असतं का ते?"

"रंग कुठलाही येतो."

"हलतं का?"

"हलतंच." त्यानं दुसरी टेप लावली. इटालियन. तिसरी लावली, कुठल्याशा हंगेरियन बाईची. पट्टा होता. तोच, तेवढाच. एक ओळ आली, "तू रात्री काही जेवला नाहीस", आणि तिच्याखाली तो पट्टा किंचित वर आला. डेसच्या तोंडातली गोळी फिरायची थांबली. मग त्यानं बटण बंद केलं आणि चित्र पुन्हा मोठं होऊन काचेवर घट्ट बसलं.

"डोकं साफ करायला हवं मशिनचं," तो म्हणाला.

दुपारी स्मारोनं डबा उघडला. भरल्या टोमॅटोचा तो लाल, मऊ, ओला भात बघून तिनं डबा परत बंद केला. तिनं स्वतःची समजूत घातली. टेपा जुन्या, मशिन जुनं, डोळे थकलेले. तिन्ही टेपा एकाच मशिनवर वाजल्या, म्हणून तिन्हींत एकच खोट. यात न समजण्यासारखं काय आहे? समजूत पटली. भूक मात्र परत आली नाही.

संध्याकाळी डेस तिच्या टेबलाशी आला. आपण उगाच घाबरलो याची त्याला लाज वाटत असावी, कारण तो फार मायेनं बोलला. "तुझ्या बापाचं काम मी करून टाकतो. मागचं झाकण काढायचं, उंचीचा स्क्रू आहे तो जरा फिरवायचा, की चित्र आकसतं. सगळंच्या सगळं काचेवर येतं. पट्टीआड काही राहतच नाही. म्हाताऱ्याला नाव दिसलं म्हणजे झालं ना?"

धंद्यातली माणसं होती दोघंही. ओळ कापली जाते, तर चित्र आकसवा, यापलीकडे त्यांना काही सुचलं नाही. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं, आणि ते बरं झालं असतं.

३

शनिवारी दुपारी डेस हत्यारांची पेटी घेऊन आला. शेजारची अनेझो मावशी तिळाची बिस्किटं घेऊन आधीच हजर होती, कारण त्या गल्लीत कुणाच्या दारी परकी गाडी थांबली आणि अनेझो मावशीला कळलं नाही असं होत नसे. बाबानं दाढी केली होती.

डेसनं मागचं झाकण काढलं आणि सगळ्यांनी एकदम नाकं धरली.

"अगं बाई!" अनेझो मावशी म्हणाली. "उंदीर मेलाय."

उंदराचा वास नव्हता तो. तान्ह्या बाळानं ओकलेलं दूध उशीखाली राहून गेलं तर येतो तसला आंबूस, कोमट वास. खरंच कोमट, तो नाकाला ऊबदार लागत होता. आत धूळ होती, वाळलेली झुरळं होती. पण कपाटाचा तळ, काचेच्या बाजूला, पट्टीच्या अगदी मागे, ओला होता. डेसनं बोट लावून बघितलं आणि बोट उचललं तशी तार निघाली. लांब, पांढरट, मधे न तुटणारी.

"डिंक," डेस म्हणाला. "जुन्या लाकडाचा डिंक सुटतो उन्हाळ्यात."

"त्याला डिंक म्हणतात होय तुमच्यात?" अनेझो मावशीनं नाक मुरडलं. ती बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि तिथल्या नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बाबाला वासाबिसाचं काही नव्हतं. तो स्टुलावर बसून काचेकडे बघत होता, लग्नाच्या वरातीकडे बघावं तसा. डेसनं स्क्रू फिरवला. चित्र थरथरलं, दबलं, आणि हळूहळू खालून वर उचललं गेलं. कुठल्याशा युगोस्लाव्ह सिनेमातली दोन माणसं टेबलाशी बसली होती. त्यांच्याखाली टेबलाचे पाय आले. त्यांच्याखाली सबटायटलची पहिली ओळ, मग दुसरी, पूर्ण, एकही अक्षर न तुटता.

"बघ!" बाबा ओरडला. "बघ, बघ! खाली केवढी जागा होती!"

दुसऱ्या ओळीखाली काळी फट होती. स्मारोनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. काळ्यात काही नव्हतं. नुसतं काळं, जरा चमकदार. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं की ती चमक तिरपी होते आहे, मधे दुमडते आहे, आणि मिटलेले ओठ असेच चमकतात.

डेस तेच बोट पँटला पुसत होता, पुन्हा पुन्हा. कॉफी तयार होती, पण त्याला अचानक मुलीची शाळा आठवली. शनिवार होता हे त्याला कुणी सांगितलं नाही.

बाबा मोठ्यानं वाचू लागला होता. प्रत्येक ओळ, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि प्रत्येक ओळ संपली की "हां!" म्हणून मांडीवर थाप. त्याला इतकं खूश तिनं आई गेल्यानंतर बघितलं नव्हतं. त्या खुशीपुढे एका चमकेबद्दल काय बोलणार?

४

पुढचे काही आठवडे बाबा दिवसभर टीव्हीपुढेच असायचा. स्टूल पुढे सरकत सरकत त्याचे गुडघे पट्टीला टेकले. काचेचा खालचा भाग सारखा ओला व्हायचा. तो अंगठ्यानं पुसायचा आणि अंगठा स्वेटरला. त्या स्वेटरच्या पोटावर एक कडक, पिवळट, सोललेल्या खवल्यासारखा थर जमला होता. धुवायला घेतला तर साबणाच्या पाण्यात तो थर सुटला, मऊ झाला, आणि स्मारोनं स्वेटर बादलीसकट बाहेर टाकला.

"तुझा बाप अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो हल्ली," अनेझो मावशीनं कुंपणावरून सांगितलं. "काल मला म्हणाला, 'अनेझो, जरा तुझ्या झाडाची.' म्हटलं, झाडाची काय? तर नुसता बघत राहिला. आणि तोंडाला वास येतो गं त्याच्या. सांगू नये, पण येतो."

स्मारोलाही जाणवलं होतं. वाक्य चालू व्हायचं नीट, आणि शेवटचा शब्द नसायचा. तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर टकटक केलं आणि सांगितलं की या वयात मेंदूला छोटे छोटे झटके येतात, माणसाला पत्ताही लागत नाही, शब्द जातात. खाणं कमी खारट ठेवा. स्मारोनं ते आनंदानं मान्य केलं. झटका तरी कळतो, झटक्याला औषध असतं.

त्या शुक्रवारी ती बाबाजवळ बसून एक सिनेमा बघत होती. इटालियन, दुसऱ्या कुणी सबटायटल केलेला. एक बाई नवऱ्याला बाजारातून काय काय आणायचं ते सांगत होती. खालच्या ओळीत शेवटचा शब्द होता "लिंबं".

काळी फट उघडली. फार नाही. आतून तो गुलाबी पट्टा वर आला आणि त्या शब्दाला खालून टेकला. पांढरी अक्षरं मऊ पडली. त्यांच्या कडा सुटल्या, भिजलेल्या पावाच्या सुटतात तशा. शेवटचं अक्षर वाकलं, आत गेलं, मग त्याच्या आधीचं. सगळं अगदी सावकाश, चव घेत. मग सबटायटल नेहमीसारखं नाहीसं झालं आणि फट मिटली, आणि मिटल्यावर तिच्यावरून ओलं काही फिरलं.

ती उठली, न्हाणीघरात गेली आणि ओकली. तोंड धुऊन परत आली तेव्हा तिची बुद्धी पुन्हा कामाला लागली होती. जुनी काच, दमट हवा, आतून सुटणारा डिंक. डिंकातून अक्षरं पाहिली की वितळल्यासारखी दिसणारच. चॅनेलमध्ये टेपेवर तो शब्द जागच्या जागी असणार. दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन बघितलं, आणि होताच.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी बाबानं सार्डिन मासे मिठातून काढले, ताटात मांडले, आणि हात पुढे केला.

"ते दे," तो म्हणाला.

"काय?"

"ते गं. माशावर." त्यानं मूठ आवळून पिळल्यासारखं केलं.

"लिंबू?" तिनं ओठ नीट हलवून विचारलं.

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. "काय म्हणालीस?"

"लिंबू, बाबा. लिंबू."

पोरीनं एकाएकी चिनी भाषा बोलायला सुरुवात करावी तसा त्याचा चेहरा झाला. तिनं लिंबू आणून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट केलं, हुंगलं, आणि हसला. पण नाव काही त्याला आलं नाही. त्या रात्री नाही, नंतर कधीच नाही.

स्मारोला आठवलं की पुढच्या शुक्रवारी तिचा सिनेमा आहे. पांढऱ्या अक्षरांत, शेवटी, सगळ्यात खाली, तिचं नाव.

५

"माझं नाव काढ त्यातून," तिनं डेसला सांगितलं.

"टेप गेली प्रक्षेपणाला. आणि काढून वरच्यांना सांगू काय? बाईसाहेबांना स्वतःच्या नावाची शिसारी आली म्हणून?"

"काहीही सांग."

डेसनं आसपास बघितलं. तोंडात गोळी नव्हती. मग त्यानं उजवा हात पुढे केला, ते बोट तिच्या नाकाशी धरलं आणि लगेच मागे घेतलं. आंबूस, कोमट.

"रॉकेलनं धुतलं," तो म्हणाला. "बायको जवळ बसत नाही. स्मारो, तो टीव्ही फेकून दे. मी बोललो नाही असं समज."

टीव्ही फेकायचा. म्हणायला सोपं. तो गेला की बहिऱ्या माणसाच्या घरात उरतं काय? आणि एका लिंबापायी, एका वासापायी? डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की झटका आहे. शहाणी, शिकलेली बाई होती ती. पण शुक्रवारी थॉर्नबरीच्या ट्राममध्ये बसल्यावर तिनं ठरवलं, सिनेमा संपत आला की प्लग ओढायचा. वीज गेली म्हणायचं. बाबा चार दिवस चिडेल आणि विसरेल. विसरेल हा शब्द मनात येताच ती दचकली.

बाबानं दार उघडलं तेव्हा अंगात चर्चचा कोट होता. टाय होता. टीव्हीसमोर स्टुलाशेजारी तिच्यासाठी चांगली खुर्ची मांडलेली, बाजूला बशीत बदामाची मिठाई, पिठीसाखर पेरलेली. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर अजून ऊन होतं, तरी खोलीत तो वास दाटून बसला होता.

"आज बघणार मी," तो म्हणाला. "आज सगळं. बस, माझी."

पुढचा शब्द आला नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याचा तळवा ओला आणि चिकट होता. तिला हात ओढून घ्यावासा वाटला, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

सिनेमाभर तिनं पडद्याच्या वरच्या भागाकडेच बघितलं. खाली काय चाललंय ते तिला ऐकू येत होतं. ग्रीक संवादांच्या मागे, फार बारीक, तोंड उघडं ठेवून जेवणाऱ्या माणसाचा आवाज. बाबाला तो ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तो आनंदानं वाचत होता आणि प्रत्येक ओळीचा शेवट हवेत सोडत होता.

नावं सुरू झाली. ती उठली. प्लग कपाटाच्या मागे भिंतीत होता. ती कपाटाच्या बाजूला गेली, खाली वाकली, वायर हातात धरली, आणि बाबानं तिचा स्कर्ट पकडला.

"कुठं चाललीस? आता येतंय!" तो तिच्याकडे वर बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोरी, एवढं बघू दे. इतकी वर्षं ते पत्रे ठोकले ते कशासाठी?"

तिनं ओढायलाच हवं होतं. हजारदा हवं होतं. पण बापाचं ते तोंड बघून कुणाचा हात चालेल? ती वायर धरून बाजूनं काचेकडे वाकली, आणि तेवढ्यात नाव आलं.

पूर्ण आलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, कुठं न कापलं जाता, काचेच्या तळाशी. बाबानं श्वास घेतला. त्यानं बोट पुढे केलं आणि अक्षराखाली अक्षराखाली फिरवत वाचलं, पहिलीतल्या मुलासारखं.

"स्मा. रो." मग एकदम, खोली दणाणेल असं: "स्मारो!"

फट उघडली. या वेळी ती आधीसारखी दबकत नाही उघडली. स्मारोला खालचा ओठ दिसला, पूर्ण, काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तो ओठ बाहेर उलटला. त्याच्या आतल्या ओल्या बाजूला, हिरडीला चिकटून, ओळी होत्या. ओळींखाली ओळी, पांढऱ्या, चघळून लिबलिबीत झालेल्या, एकमेकींत रुतलेल्या. काही तिनं स्वतः लिहिलेल्या होत्या. कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेल्या, ज्यांच्याबद्दल ही ओळ कापली गेली म्हणून लोकांनी फोन केले होते. लिंबंही तिथंच होती. बाबाचं बोट अजून काचेला टेकलेलं होतं आणि तो गुलाबी पट्टा त्या बोटाच्या पेरापर्यंत वर आला.

तिनं वायर ओढली. चित्र मधे गोळा झालं, ठिपका झाला, गेला.

बाबा काचेकडे बघत होता. त्यानं बोट कोटाला पुसलं, मग मागे वळला, आणि स्मारोला बघून घाईनं उठून उभा राहिला. कोटाचं बटण लावलं.

"माफ करा हं," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. तुम्ही अनेझोकडे आलात का? तिचं घर पलीकडचं. पण बसा ना. उभ्या का?"

"बाबा," ती म्हणाली. ओठ हलवून, मोठे हलवून. "बाबा, मी."

तो पाहुण्या बाईकडे बघून हसावं तसा अदबीनं हसला आणि बशी पुढे केली. "घ्या. माझ्या मुलीसाठी आणलीय, पण तुम्ही घ्या. येईलच ती एवढ्यात. टीव्हीत काम करते. आज तिचं नाव आलं होतं, मी स्वतः वाचलं. डोळ्यांनी."

स्मारोच्या गालावरून पाणी वाहत होतं. "काय नाव तिचं?" तिनं विचारलं.

त्यानं ते ओठांवरून बरोबर ओळखलं. छाती पुढे आली.

"तिचं नाव," तो म्हणाला, आणि तोंड उघडंच राहिलं.

ती वाट बघत राहिली. तोंड मिटलं नाही. खालच्या ओठावर लाळ साचली आणि ओठ तिच्या भारानं हळूहळू बाहेर उलटू लागला. खिडकीतलं ऊन तिरपं त्याच्या तोंडात शिरलं होतं. खालच्या हिरडीला चिकटून, दातांच्या खाली, काहीतरी पांढरं होतं. बारीक, सरळ, एका रेषेत बसवलेलं.

तो वास तिच्या अंगावर आला. तिनं रुमाल नाकाशी दाबला आणि वाचायला खाली वाकली.